डावीकडचा समास

१४ जुलै

प्रिय बारके,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. फोन हाताशी असताना ताई कागद खरडत बसली म्हणजे हिचं डोकं फिरलं, असंच तुला वाटणार. फिरलंय खरं. या वयात मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. कलाशिक्षणातली पदव्युत्तर पदवी, तीही घरबसल्या, कॉम्प्युटरवर.

हौस म्हणून नाही गं. शाळेत नवे मुख्याध्यापक आलेत. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, येत्या वर्षापासून चित्रकलेचे तास ज्याच्याकडे ही पदवी त्यालाच. बाकीच्यांनी ग्रंथालयात बसून पुस्तकांना कव्हरं घालायची. इतकी वर्षं पोरांच्या हाती ब्रश दिला आणि आता मी डिंक लावत बसू? म्हटलं, थांबा, दाखवतेच तुम्हाला पदवी.

वर्ग स्वयंपाकघरात भरतो, कारण आमच्याकडे नेट फक्त ओट्यापाशी येतं. स्क्रीनवर चौकटी चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा. आमच्या मार्गदर्शक बाई वरच्या कोपऱ्यात बसतात, म्हणून मी त्यांना 'खिडकीतल्या बाई' म्हणते. परवा माझा माइक चालू राहिला आणि मी कुकरला म्हटलं, "मेल्या, गप्प बस." बाई बोलायच्या थांबल्याच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मुद्द्याचं. प्रबंधासाठी एकाच मुलाची चित्रं काही महिने बघायची आहेत. मूल शाळेतलं नको, जवळचं पण रोज डोळ्यांसमोर नसलेलं हवं. मी तुझ्या टिकलीचं नाव देऊन मोकळी झाले. तुला विचारलं नाही, पण तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं. फोटो पाठवू नकोस. फोटोत रंग मरतो, खडू किती दाबून चालवला ते कळत नाही. मूळ कागद पोस्टाने पाठव आणि सोबत चार ओळी लिही. फोनवर तू 'बरं आहे, ठेवते' म्हणतेस आणि ठेवतेस. कागदावर तरी बोलशील.

नियम एकच. काय काढ, कसं काढ, हे तिला सांगायचं नाही. चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. मागे तारीख घाल. मेहुणेबुवांना नमस्कार, आणि टिकलीच्या गालाचा पापा.

तुझी,
ताई


२ ऑगस्ट

प्रिय ताई,

लांबूनच पाया पडते, जवळ असतीस तर आधी तुझे कान धरले असते. न विचारता पोरीचं नाव दिलंस! पण खरं सांगू, टिकली इतकी फुशारलीय की विचारू नकोस. वर्गात सगळ्यांना सांगून आली, "माझी मावशी माझ्यावर पुस्तक लिहितेय." दुसरीतली पोर, पण ऐट बघ. आता जेवायला बोलावलं की म्हणते, "थांब, मी काम करतेय."

तीन चित्रं पाठवते आहे. एक झाड, एक शेजारच्यांची मांजर आणि एक मी, दुकानातल्या मशीनवर बसलेली. माझं नाक बटाट्याएवढं काढलंय, त्याला तुझी हरकत नसावी. दुकानात काम मरणाचं आहे. तयार कपडे विकत घेतात आणि मग सगळ्यांना कमरेत घट्ट नाहीतर सैल हवे असतात. दिवसभर उसवते आणि शिवते.

एक गंमत सांगते. पोरगी चित्रालाही समास सोडते! वहीत डावीकडे लाल रेघ असते ना, तशी दोन बोटं जागा मोकळी. मी नियम मोडला नाही, नुसतं विचारलं, "इथे का नाही काढलंस?" तर म्हणते, "कुठे?" मोठी माणसं समास सोडा म्हणून सांगतात आणि वर विचारतात का सोडला.

तुझे मेहुणे नेहमीप्रमाणे गाडीवर, लांबच्या फेऱ्या आहेत. नमस्कार सांगितलाय म्हणून कळवते.

तुझी,
बारकी


९ सप्टेंबर

प्रिय बारके,

टिकलीची चित्रं मी भिंतीला लावली आहेत आणि येता-जाता बघते. झाडाच्या एकेका पानावर शिरा काढल्यात तिने! बुंध्यावर मुंगी आहे आणि मुंगीला सहाच्या सहा पाय. माझ्या वर्गातल्या आठवीच्या पोरांना मुंगीचे पाय किती ते सांगता येत नाही. तुझं नाकही अगदी हुबेहूब आहे.

या खेपेची पाच चित्रं जुन्यांच्या शेजारी लावली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तो तुझा 'समास' वाढतो आहे. जुलैत दोन बोटं होता, आता कागदाचा तिसरा हिस्सा डावीकडे कोरा आहे. मांजरीला शेपूट आहे आणि तोंड अर्धंच. मी हे वर्गात दाखवलं. खिडकीतल्या बाई चष्मा काढून पुढे वाकल्या. म्हणाल्या, "कोरी जागा कधी मुकी नसते. मूल जे काढत नाही ते आधी वाचा." आमच्या अभ्यासात हा एक अख्खा भागच आहे. मुलं ज्याची भीती वाटते किंवा जे हरवलंय, त्याची जागा रिकामी ठेवतात.

पहिल्यांदाच वर्गात सगळ्या चौकटी माझ्याकडे बघत होत्या. बरं वाटलं गं. आजवर मी त्यांच्यातली ती कुकरवाली होते.

चित्रं पाठवत राहा. आणि काही म्हणजे काही सांगू नकोस तिला.

मावशीकडून पापा, टिकले!

तुझी,
ताई


६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा टिकलीने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागली. तू शेवटी तिच्यासाठी 'मावशीकडून पापा' लिहिलं होतंस ना? ती वाचते, "शीकडून पापा!" मी म्हटलं, "अगं, शी काय? मावशी!" तर परत बघते आणि परत म्हणते, "शी." मी हसून हसून लोळले. तेव्हापासून घरात तुझं नाव शी पडलंय. परवा पुस्तकात 'पाऊस पडला' होतं, तर हिच्याकडे 'ऊस पडला'. मी म्हटलं, पड बाई, ऊस तर ऊस.

धांदरटपणा मात्र कळस गाठतोय. येता-जाता दाराच्या चौकटीला खांदा आपटते. ताटलीतला भात अर्धा खाते आणि म्हणते, "संपला, अजून दे." समोर अर्धी ताटली भरलेली! मी ताटली फिरवून ठेवली की म्हणते, "अय्या, हा कुठून आला?" स्वेटर घालते तर एकच बाही, दुसरी लोंबते आहे तशीच. मी तिला म्हणते, तू अर्धवट आहेस, आणि ती खुशाल मान डोलावते.

एक विचारायचं होतं. वर्गबाईंनी चिठ्ठी दिली आहे. 'ओळीची सुरुवात गाळून वाचते. फळ्याकडे मान वाकडी करून बघते. डोळे तपासून घ्यावेत.' दुकानाच्या मागच्या रस्त्याला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. पण तू म्हणालीस काही दुरुस्त करायचं नाही. चष्मा लागला तर तुझ्या अभ्यासाला चालेल ना? तू सांगशील तसं करते. मला या गोष्टीतलं काय कळतंय?

तुझी,
बारकी


१५ ऑक्टोबर

प्रिय बारके,

चिठ्ठीवरून घाबरून जाऊ नकोस. वर्गात एवढी पोरं असतात, सगळ्यांना एकाच मापाचा सदरा घालायचा म्हणून या बाई धडपडतात. जी पोर मुंगीचे पाय मोजते तिचे डोळे तपासायचे? मी जन्मभर डोळ्यांचंच काम केलंय. तिचे डोळे तुझ्या-माझ्याहून लख्ख आहेत.

आणि स्पष्टच सांगते, आत्ता मध्येच चष्मा चढवला, औषधं घातली तर चित्रं बदलतील आणि माझ्या इतक्या महिन्यांच्या निरीक्षणाचा विचका होईल. जानेवारीत प्रबंधाचं झालं की मी स्वतः येते आणि तिला घेऊन जाते तुझ्या त्या डॉक्टरकडे. तोवर थांब.

आता दुसरं. हे लिहू की नको, असं दोन दिवस करत होते. माझ्या कपाटावर तुमचा तिघांचा फोटो आहे. टिकली मध्ये, तू उजवीकडे आणि मेहुणेबुवा डावीकडे. काल रात्री तिचं चित्र त्या फोटोशेजारी धरलं आणि अंगावर काटा आला. पोर जी बाजू कोरी ठेवते ती तिच्या बापाची बाजू आहे. तुझ्या पत्रांत त्यांची मिळून एकच ओळ आली, लांबच्या फेऱ्यांची. बारके, घरी सगळं ठीक आहे ना? माझ्यापासून लपवू नकोस.

तुझी,
ताई


३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तू ती लांबूनच उघडलीस.

ते गेले. मे महिन्यातच गेले. फेरीला म्हणून निघाले ते बॅग जरा मोठी घेऊन निघाले. दुसऱ्या गावात दुसरं घर आहे, तिथे कोणी आहे. मी भांडले नाही, रडलेही नाही, दुकानात गेले आणि एका गिऱ्हाईकाची पँट भलतीच आखूड केली. तुला सांगितलं नाही कारण हे लग्न मी तुझ्या मनाविरुद्ध केलं होतं. तू 'मी सांगितलं होतं' म्हणणार नाहीस हे माहीत होतं. पण तू ते गिळशील आणि मला ते दिसेल, याची लाज वाटत होती.

टिकलीला मी लांबच्या फेऱ्यांचीच गोष्ट सांगते. मला वाटत होतं तिने ती मानली आहे. आणि तू नुसते कागद बघून ओळखलंस! मी रोज तिच्या शेजारी झोपते, मला कळलं नाही. तुझ्या शिक्षणापुढे हात टेकले बाई.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ रद्द केली. आता मला सगळंच समजतंय. सकाळी डोकं दुखतं म्हणते, दोन-तीनदा उलटीही झाली, उलटी झाली की मोकळी होऊन शाळेला जाते. मी शाळा चुकवायचं नाटक समजत होते आणि ओरडत होते. बाप आठवत असणार सकाळी, त्याच वेळी ते निघायचे ना. काय करू ते सांग.

तुझी,
बारकी


२० नोव्हेंबर

प्रिय बारके,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातच बसून रडले. मी 'सांगितलं होतं' म्हणणार नाही आणि गिळणारही नाही, कारण मला तसं वाटतच नाही. तू माझी धाकटी आहेस, बस्स.

टिकलीवर ओरडू नकोस. डोकं दुखणं, उलट्या, हे सगळं आमच्या वाचनात आलंय. मनाला बोलता आलं नाही की अंग बोलतं. तिला जवळ घे. बापाबद्दल विचारलं तर खरं सांग, हळूहळू. आणि एकदाच माझा नियम मोडते, तिला म्हण, "आपलं घर काढ, सगळ्यांसकट." ते चित्र आलं की माझा शेवटचा भाग पुरा होईल.

सुट्टी लागली की येते मी.

तुझी,
ताई


१० डिसेंबर

प्रिय ताई,

घराचं चित्र पाठवते आहे. गंमत म्हणजे बाबा काढलाय! हसतोय, हातात गाडीची किल्ली आहे. पण तो उजवीकडे आहे. मी मध्ये, अर्धीच, माझा एक हात आणि अर्धा चेहरा गायब, आणि माझ्यापुढे डावीकडे सगळं कोरं. अर्धा कागद. म्हणजे तुझ्या हिशोबाने बाबाची बाजू कोरी, आणि बाबा तर आहे. माझ्या बोथट डोक्यात हे बसलं नाही. तुला कळेल.

डोकेदुखी चालू आहे. मी कुशीत घेऊन बसते. बाबा कुठे आहे ते खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला रविवारी बोलाव ना." रडली नाही. उलट मीच रडले.

तुझी,
बारकी


१२ जानेवारी

प्रिय बारके,

पेढे वाटायला हवेत अशी बातमी आहे, पण तुझी आताची परिस्थिती बघता हळू आवाजात सांगते. माझ्या प्रबंधाला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. 'कोरी डावी बाजू : न काढलेला बाप.' बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्यातला शेवटचा भाग वाचून दाखवला. तुला पडलेला प्रश्न त्यांनाही पडला होता, बाप उजवीकडे कसा? मी लिहिलं, हरवलेली जागा कोरी ठेवून पोरीने बापाला आपल्या बाजूला ओढून घेतलं आहे. बाई म्हणाल्या, "असं वाचन क्वचित बघायला मिळतं." पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तो नमुना म्हणून देणार आहेत.

मुख्याध्यापकांना पत्र दाखवलं. त्यांनी खुर्ची दिली बसायला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

हे सगळं टिकलीमुळे. तिच्यासाठी मोठा रंगांचा डबा घेतला आहे. पुढच्या आठवड्यात येते. तू फोन का उचलत नाहीस? दुकानात गर्दी असेल म्हणा.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ताई,

हे मी इस्पितळातल्या बाकावर बसून लिहिते आहे. फोन केला नाही. तुझा आवाज ऐकून मी काय बोलले असते याचा मला भरवसा नव्हता.

टिकलीला दुकानासमोर सायकलची धडक बसली. लागलं काही नाही, कोपर सोलवटलं. सायकलवाला म्हातारा रडकुंडीला आला होता, "बाई, मी घंटी वाजवत होतो, ती माझ्याकडेच येत होती." डावीकडून आला होता तो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी कोपराला पट्टी बांधली आणि मग तिला म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघ आणि माझं बोट दिसलं की सांग." उजवीकडून बोट आणलं, ती लगेच म्हणाली, दिसलं. डावीकडून आणलं. बोट येतंय, येतंय, आणि ही शांत बसलेली. पार नाकासमोर आल्यावर म्हणाली, "दिसलं." बाईंचा चेहरा बदलला तो मी बघितला.

डोक्यात गाठ आहे. उजव्या बाजूला. डोळे दोन्ही चांगले आहेत, पण डावीकडचं तिच्या आत पोचत नाही. आणि पोचत नाही हे तिला समजतही नाही, म्हणून ती कधी बोलली नाही. तिच्यासाठी कागद तिथेच संपतो. तिथेच ताटली संपते आणि तिथेच माणूसही. सकाळची डोकेदुखी, उलट्या, ते सगळं गाठीमुळे. गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ काढली, पण सगळी निघाली नाही, थोडी आत चिकटून आहे. पुढे काय ते त्या सांगत नाहीत. डावी बाजू परत येणार नाही एवढं सांगतात.

मी त्यांना विचारलं, ऑक्टोबरात आणली असती तर? त्या कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा गाठ लहान असणार."

तिचे बाबा आले होते. मीच कळवलं. तिच्या पलंगाच्या डावीकडे येऊन उभे राहिले, दोन-तीनदा हाक मारली. ती आवाजाकडे मान न वळवता समोर बघत राहिली. त्यांना वाटलं, पोर रागावली आहे, तोंड बघायला तयार नाही. उभ्या उभ्या हमसून रडायला लागले. मलाही तेच वाटलं, ताई, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. मग नर्सने त्यांच्या दंडाला धरून पलंगाला वळसा घालून उजवीकडे आणलं. टिकली एकदम हसली. "बाबा! तू कधी आलास?"

ती त्याच्यावर कधीच रागावलेली नव्हती. तिच्या कुठल्याच चित्रात तसलं काही नव्हतं.

इथे एक बाई तिला डावीकडे बघायला शिकवतात. कागदाच्या डाव्या काठाला जाड लाल रेघ मारतात आणि सांगतात, "लाल रेघ सापडेपर्यंत डावीकडे जायचं, मग वाचायला लागायचं." वहीतल्या समासासारखी. मी ऑगस्टमध्ये तुला समासाचा विनोद लिहिला होता.

इकडे येऊ नकोस. फोनही करू नकोस.

बारकी


३० जानेवारी

बारके,

तुझं आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. माझं तुझ्या हाती पडलं असेल तेव्हा तू काय केलं असशील, ते डोळ्यांसमोर येतं आणि मी उठून घरभर फिरते. ते फाडलं असशील तर बरं केलंस.

फोन करू नकोस म्हणालीस तरी केले, तू उचलले नाहीस. उंबऱ्यापाशी पिशवी भरून ठेवली होती. मग तुझी शेवटची ओळ परत वाचली आणि पिशवी रिकामी केली.

भिंतीवरची सगळी चित्रं काढून तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. जुलैपासून डिसेंबरपर्यंत. आता आंधळ्यालाही दिसेल. एखाद्या खिडकीचं दार हळूहळू लोटत आणावं तसं. तू 'शी' लिहिलंस, ताटली लिहिलीस, बाही लिहिलीस, दाराची चौकट लिहिलीस. मी ती पत्रं वाचून हसले आणि बाजूला ठेवली, कारण त्यांत चित्रकलेचं काही नव्हतं. वर्गबाईंनी दोन ओळींत जे सांगितलं ते मी उडवून लावलं. आणि नुसतं उडवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी 'माझ्या निरीक्षणाचा विचका होईल' असं लिहिलं होतं. ते वाक्य मी लिहिलंय, बारके. तू माझ्या शिक्षणाला मान दिलास आणि मी पोरीचे तीन महिने खाल्ले.

खिडकीतल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग म्हणाल्या, "शेवटचा भाग बदलून द्या, मी मुदत वाढवून घेते. हा अभ्यास आता आणखी मोलाचा झाला आहे." मी कॉम्प्युटर मिटला. दुसऱ्या दिवशी प्रबंध मागे घेतला आणि अभ्यासक्रमातून नावही काढून टाकलं. जूनपासून ग्रंथालयात बसेन. हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. याने तुझं काही भरून येत नाही, मला माहीत आहे. पण टिकलीच्या गाठीवर पदवी घेणं माझ्याने झालं नसतं.

सोबत कोऱ्या कागदांचा गठ्ठा पाठवते आहे. प्रत्येकाच्या डाव्या काठाला लाल रेघ मारली आहे. छापून नाही आणली, हाताने मारली. पहिल्या कागदावर टिकलीसाठी एक ओळ लिहिली आहे. तिला द्यायची की नाही ते तू ठरव. रंगांचा डबा माझ्याकडेच आहे, तो पाठवायची हिंमत होत नाही.

मी येऊ का, एवढंच एकदा कळव. नको म्हणालीस तरी चालेल.

ताई


१८ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. आम्ही घरी आलो आहोत. टिकलीचे केस पुरते गेले, ती टोपी घालून शाळेच्या गोष्टी सांगते. वर्गबाई रविवारी येऊन तिला शिकवून जातात. मी त्यांच्याकडे वर बघून बोलू शकत नाही. उरलेल्या गाठीचं काय ते मे महिन्यात पुन्हा तपासल्यावर कळेल. डॉक्टरीणबाई 'बघू' म्हणतात. बघू या शब्दाचा मला आता तिटकारा आला आहे.

तुझं बारा तारखेचं पत्र मी फाडलं नाही. ते ठेवलंय. का ठेवलंय ते माझं मला माहीत नाही.

कागदांचा गठ्ठा बरेच दिवस कपाटावर पडून होता. मला रागाने तो बघवत नव्हता. मग इस्पितळातून आणलेले कागद संपले आणि एका दुपारी तिनेच खुर्चीवर चढून तो काढला. पहिल्या कागदावरची तुझी ओळ तिने समोर धरली. 'मावशीला रेघ दाखव.' तिने वाचलं, "रेघ दाखव." मी म्हटलं, "टिकले, रेघ कुठाय?" तिने बोट कागदावर टेकवलं आणि सरकवत सरकवत नेलं, डावीकडे, आणखी डावीकडे, मान वळवून. रेघ सापडली तशी थांबली. मग सावकाश वाचलं, "मावशीला रेघ दाखव." आणि मला विचारलं, "मावशी कधी येणार?"

मी म्हटलं, माहीत नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. माझ्यावरचाही नाही, वेळ रद्द करायला फोन मीच केला होता. मला अजून तुझा चेहरा समोर नको आहे. येऊ नकोस.

पण कागद संपत आलेत. इथल्या दुकानात समासाच्या वह्या मिळतात, त्यांची रेघ फिकी असते, तिला सापडत नाही आणि ती रडकुंडीला येते. तुझी रेघ जाड आहे. आणखी पाठव.

बारकी